वरचं रान, खालचं रान आणि माझा घाम

रविवारी पहाटे पावणेपाचला मी आमच्या बाथरूमच्या दारात वजनकाट्यावर उभी असते. घर झोपलेलं. काट्यावरचा आकडा दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर टिपायचा, बूट घालायचे, निघायचं. परत आल्यावर घामाचे कपडे काढून, अंग कोरडं करून पुन्हा काट्यावर. दोन वर्षं हे चाललंय. ह्यांना आधी वाटलं, बायको वजन उतरवायच्या नादाला लागली. मी म्हटलं, नाही, घाम मोजतेय. त्यावर ते काही बोलले नाहीत. बावीस वर्षांच्या संसारात माणूस शिकतो.

मी साताऱ्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. वय सत्तेचाळीस. माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. धावायचं वेड चव्वेचाळिसाव्या वर्षी लागलं. साताऱ्यात ते लागायला वेळ लागत नाही, सप्टेंबरमधली हिल मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात पहाटे वाहनांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. आम्ही पाचजणी आहोत. राजवाड्यापाशी जमतो, समर्थ मंदिरावरून घाटाला लागतो आणि वर जाऊन परत. सगळं मिळून दहा-अकरा किलोमीटर.

मागच्या रविवारची नोंद अशी: जाताना ६१.४, आल्यावर ६०.५. वाटेत पाव लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे गेलं ते ०.९ अधिक ०.२५, साधारण एक किलो दीडशे ग्रॅम. श्वासातून गेलेली वाफ वगैरे किरकोळ सोडून दिली, तर दीड तासाच्या आत लिटरभराहून जास्त घाम. चरबी त्यात चिमूटभर.

आता दुसरा हिशेब. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. माझं साठ किलो धरा आणि दहा किलोमीटर धरा, सहाशे किलोकॅलरी. स्नायू हे काही फार गुणी यंत्र नाही, शंभरातले वीस-पंचवीस कामाला लावतं, बाकीची उष्णता. म्हणजे साडेचारशे किलोकॅलरी नुसती ऊब. साठ किलोचं शरीर एक अंशाने तापवायला पन्नासेक लागतात. समजा ही ऊब बाहेर पडलीच नाही, तर मी घाटातून परत येईपर्यंत नऊ अंशांनी तापले असते. सदतीस आणि नऊ, शेहेचाळीस. त्याच्या कितीतरी आधी खेळ खलास. नववीच्या वर्गात फळ्यावर हे मांडलं की मागच्या बाकावरचेही वर बघतात.

आणि एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. माझ्या साडेचारशेला पाऊण लिटर पुरला असता. मग उरलेला कुठे गेला? ओघळला. टी-शर्टातून निथळून घाटाच्या डांबरावर पडला. पडलेल्या घामाने कणभरही गारवा मिळत नाही. गारवा देतो तो वाळणारा घाम. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण पटलं ते काट्यावर.

कळायला घरातला माठ पुरेसा आहे. चैत्रात माठातलं पाणी दात ठणकवतं. तोच माठ, तेच पाणी, श्रावणात कोमट लागतं. माठ पाझरतो तेवढाच, पण बाहेरच्या हवेत आधीच पाणी गच्च भरलेलं, ती आणखी घेणार कुठे? ऑगस्टमध्ये यवतेश्वरला धुक्यात मी श्रावणातला माठ असते. तिथे हवा गार असते म्हणून निभावतं, अंगाची ऊब थेट हवेतही जाते. खरी परीक्षा झाली ती मे महिन्यात चिपळूणला, नणंदेकडे गेले होते तेव्हा. सकाळी सहालाच हवा अशी, की सोसायटीच्या गेटातून बाहेर पडेस्तोवर चिंब. चार किलोमीटरांत हार मानली. आणि तासगावला एप्रिलमध्ये, भर उन्हं चढलेली असताना, आठ किलोमीटर आरामात. परत आले तर अंग जवळजवळ कोरडं, काळ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. आई म्हणाली, “घाम न्हाय आला तुला, बरं झालं.” काटा म्हणत होता एक किलो. आला होता, आल्या आल्या वाळला होता.

आमच्यातली एकजण दर वळणावर नॅपकिनने तोंड, मान, दंड पुसते. तिला मी सांगून दमले. डोळ्यात जाणारा पूस, बाकीचा पातळ थर राहू दे, त्याचं काम व्हायचंय. ती म्हणते, बाई, चिकचिक होतं.

या बाबतीत माणूस भाग्यवान म्हणायचा. वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी घेऊन आपण हिंडतो. कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात. आमच्या म्हशींना घाम बेताचाच, कातडं काळं, म्हणून त्या उन्हाळ्यात ओढ्यात डुंबतात. लहानपणी त्यांना बाहेर काढायला माझा आणि भावाचा निम्मा दिवस जायचा, तेव्हा त्यांचा राग यायचा. १७७५ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन नावाचा एक डॉक्टर आणि त्याचे मित्र पाण्याच्या उकळबिंदूपेक्षाही तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटं थांबून धडधाकट बाहेर आले होते. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजून निघाला. ही गोष्ट सांगितली की पोरं विचारतात, बाई, मग ते का नाही शिजले? त्या प्रश्नासाठीच मी ती सांगते.

घाम सुटतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या हुकमावरून. रक्त किती तापलंय ते तिथे कळतं, कातडीकडूनही निरोप येत असतात. तिथून जे मज्जातंतू घामाच्या ग्रंथींकडे जातात, त्यांच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ग्रंथी पाझरायला लागते. हे नाव मी बी.एस्सी.ला पाठ केलं आणि विसरले. मग एकदा माहेरी बागेत औषध मारणाऱ्या एका गड्याला दरदरून घाम फुटला, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी. त्याला तसाच गाडीत घालून तासगावला नेला, वाचला. काही कीटकनाशकं हे ॲसिटिलकोलीन मोडूच देत नाहीत, सगळे कॉक उघडेच राहतात. आणि आजी सांगायची, धोतऱ्याचं बोंड खाल्लेलं पोर तव्यासारखं तापतं, लालबुंद होतं आणि अंगावर घामाचा टिपूस नसतो. धोतरा उलटं करतो, त्या रसायनाची ग्रंथीवरची जागाच अडवतो. एकाच बांधावरची दोन विषं, एकाच कुलपाच्या दोन बाजू. अभ्यासक्रमात हे नाही, मी तरी सांगते.

पण घाम ही अर्धी गोष्ट. ऊब तयार होते मांड्या-पोटऱ्यांत, आणि घाम असतो कातडीवर. मधली वाहतूक रक्ताची. इथे मला माहेरची, आण्णांची म्हणजे माझ्या वडिलांची मोटर आठवते.

आमच्या विहिरीवर पाच एचपीची एक मोटर. तिच्यापुढे दोन कॉक: एक वरच्या रानाला, तिथे द्राक्षं, एक खालच्या रानाला, तिथे ऊस. रात्रीची लाईट असली की आण्णा बॅटरी घेऊन जायचे आणि मी मागून. एका वेळी एकच कॉक. कधी घाईत दोन्ही उघडले, की वरच्या टोकाच्या ड्रिपरमधून थेंब पडायचा बंद व्हायचा. “परेशर पडलं,” म्हणत आण्णा अंधारातच एक कॉक अर्धा फिरवायचे, हाताच्या अंदाजाने. पाईपला तळहात लावून त्यांना कळायचं.

धावताना शरीरही हेच करत असतं म्हणा ना. मोटर एक, हृदय. निवांत असताना मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलणारी, जोरात धावताना त्याच्या तिप्पट-चौपट. वरचं रान म्हणजे कातडी, खालचं म्हणजे पायाचे स्नायू. गार हवेत कातडीला मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त पुरतं. प्रचंड उकाड्यात तीच कातडी सहा-आठ लिटर ओढू शकते. पाय तर मागतच असतात. दोघांचं पुरं पडेल एवढं पाणी नसतं.

आणि हा मेंदू आण्णांसारखाच हातचं राखून वागतो. सुरुवातीला तो कातडीचा कॉक आवळतो. समर्थ मंदिर मागे पडेपर्यंत माझे हात गार असतात, मी ते बाह्यांत ओढून घेते. ऊब थोडी साठू देतो. मग घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर एकदम कान गरम होतात, गाल तापतात, मानेवर पहिला ओघळ. कॉक उघडला. त्यातही दोन यंत्रणा आहेत: आधी आवळून धरलेलं सैल सोडायचं, आणि मग वेगळ्या मज्जातंतूंनी मुद्दाम उघडायचं. उन्हाळ्यातली बहुतेक लाली या दुसऱ्या यंत्रणेची. तळहात-तळपायांना ती नाही, तिथे नुसतं आवळणं आणि सोडणं. (तळहातांचा घामही निराळाच, तो उकाड्यापेक्षा भीतीला जास्त मानतो. गणिताच्या पेपरला बघावं, मुली किती वेळा हात ओढणीला पुसतात.)

रक्त वाढवून आणायचं तर ते कुठून तरी काढायला हवं. आतडी आणि मूत्रपिंड यांचं पाणी तोडतात. म्हणून चढावर धावायच्या आधी पोहे खाल्लेल्या बाईच्या पोटात ढवळतं. नाव सांगत नाही, ती हे वाचते.

तरी एक वेळ अशी येते, की शरीर अडतिसाच्या आसपास तापलेलं असतं, ऊब वाढतच असते आणि मेंदू कातडीचा कॉक त्याहून उघडायचं थांबवतो. आणखी उघडला तर रक्तदाब पडेल, आणि मग त्यालाच रक्त मिळणार नाही. उष्णतेपेक्षा परेशर सांभाळलेलं बरं, असा त्याचा हिशेब. त्यात घामाने विहिरीचं पाणीही खाली जात असतं. घाम येतो रक्तातल्याच पाण्यातून. दर ठोक्याला थोडं कमी रक्त मिळतं, मग ठोके वाढवायचे. तासगावच्या सपाट रस्त्यावर, पहिल्या किलोमीटरला घड्याळ १४२ दाखवत होतं, आठव्याला १६०. वेग तोच. आधी वाटायचं घड्याळ बिघडलं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी हे सगळं जाणत असूनही आडवी झाले. घरी पाहुणे होते, निघायला आठ वाजले. ऊन चांगलंच. वर पोचताना शेवटचा चढ मी उगाच जोर काढून पळाले आणि कठड्यापाशी थांबले. एकीने मोबाईल काढला, “बाई, इकडे बघा.” मी बघितलं. ताठ उभी, हात कमरेवर. कानात गुं असा आवाज यायला लागला, मग मोबाईल धरलेला तिचा हात तेवढा दिसत होता, भोवतीचा डोंगर कडेने काळा होत आत सरकत होता. पुढचं मला त्यांनी सांगितलं.

झालं होतं इतकंच: कातडीचे कॉक पुरते उघडे, पायांतल्याही शिरा सैल. धावताना पोटऱ्या दर पावलाला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलतात, खाली बसवलेली दुसरी मोटरच ती. मी थांबले आणि ती मोटर बंद झाली. रक्त पायात राहिलं, डोक्याला कमी पडलं. आडवी पडले तेच औषध झालं. एका शहाण्या मैत्रिणीने पाय उचलून दगडावर ठेवले. चहाच्या टपरीवरून एकजण कांदा फोडून घेऊन आला होता, तो मी हुंगला, कारण एवढा धावत आला होता. घोडा पळवून आणल्यावर त्याला लगेच बांधत नाहीत, फिरवतात, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. बाईला फिरवायला मात्र कुणी नसतं.

एका तक्रारीची जागा इथेच आहे. मध्यंतरी तीन महिने मी एका जिममध्ये जात होते. तिथला पोरगा पोटाला रबरी पट्टा बांधायला लावायचा. वर ज्याला हवं त्याला रेनकोटसारखा सूट. म्हणायचा, “मॅडम, घाम म्हणजे चरबी रडतीय.” मी त्याला समजावलं की पट्ट्याखाली वाफेला जायला वाट नाही, वरून पट्ट्याने हवाही बंद, म्हणजे घाम येणार भरपूर आणि काम करणार शून्य. गेलं ते पाणी, दोन तांबे प्याले की परत येणार. तो हसला. मी पैसे भरलेले होते, ते परत मिळाले नाहीत.

माझ्या मामाला तरुणपणी कुस्तीचं वजन बसवायला असंच प्लॅस्टिक गुंडाळून पळवलं होतं. तो अजून अभिमानाने सांगतो, दोन दिवसांत चार किलो. मला ऐकताना कसंतरी होतं, कारण १९९७ साली अमेरिकेत महिना-सव्वा महिन्याच्या अंतरात तीन कॉलेजवयीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले. रबरी सूट घालून, तापलेल्या खोलीत, पाणी न पिता. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत हे सूट बंद झाले. मामाला मी हे सांगितलं. म्हणाला, “आमचं रक्त येगळं हुतं गं.” रक्त वेगळं नसतं, मामा. नशीब असतं.

सवयीने मात्र रक्तात फरक पडतो, तेवढं त्याचं खरं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जे जड जातं ते दहा-बारा दिवसांत हलकं होतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं, शरीर ते ग्रंथीच्या नळीतूनच परत ओढून घेतं. माझ्या काळ्या टी-शर्टवरच्या रेघा मार्चअखेरीस ठळक असतात, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुसट. आईचं पन्हं मात्र दोन्ही वेळी तेवढंच खारट. ते मी पिते, पण आल्यावर काटा वाढलेला दिसेल इतकं काहीही पीत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते दुखणं उन्हाइतकंच वाईट.

हे सगळं लिहायला बसले त्याचं निमित्त खरं तर घाट नाही, स्टाफरूम आहे. गेल्या मंगळवारी, बाहेर पाऊस, वर पंखा, समोर सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा. आणि अचानक छातीतून लाट उठून मानेवर, गालांवर, कानांवर. कपाळ डबडबलं. पाच मिनिटांत ओसरली आणि मग थंडी वाजून आली. शेजारच्या बाईंनी काही न बोलता माझ्याकडे वहीने वारा घातला. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आहेत.

गंमत म्हणजे मला ती लाट ओळखीची वाटली. तिसऱ्या वळणावर कान तापतात ना, अगदी तेच, फक्त मी खुर्चीत. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि हायपोथॅलॅमसची सहनशक्ती आखडते. एरवी थोडंसं वरखाली झालं तर तो दुर्लक्ष करतो. आता आतली ऊब किंचित वर गेली की त्याला वाटतं घर पेटलं. कातडीचे सगळे कॉक उघडतो, घाम सोडतो, गरजेपेक्षा जास्त गार करतो आणि मग तोच कुडकुडायला लावतो. बिघाड यंत्रात नाही, हुकूम चुकीच्या वेळी सुटतो. आण्णांना मोतीबिंदू झाला त्या वर्षी ते असेच लाईट नसताना कॉक फिरवून यायचे.

हे कळल्याने लाटा थांबत नाहीत. पण आता त्या आल्या की मी मनात मोजते, किती मिनिटं. वहीत मागच्या पानावर दुसरा रकाना केलाय. ह्यांनी तो बघितला आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

परवा रविवारी वर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की टपरीचा दिवा तेवढा दिसत होता. चौघी बाकावर बसल्या. मी बसले नाही, एप्रिलपासून मी बसत नाही. हात हलवत टपरीला चकरा मारत राहिले, पाचवी, सहावी, सातवी, ठोके शंभराच्या खाली येईपर्यंत. सातव्या चकरेला टपरीवाल्याने, तोच कांदेवाला, किटली खाली ठेवली.

“काय हरवलंय का म्याडम?” त्याने विचारलं, आणि बॅटरी काढून माझ्या पायांपुढे उजेड धरला.